सोप्या वाटा कोणी केल्या?

आई-बाबा पहिल्यांदा कॅनडाला आले तेव्हा आईने फोनवरच अट घातली होती. "डोंगर लांबून दाखव. चढायला लावणार असशील तर मी येत नाही." तिचे गुडघे पाच-सहा वर्षांपासून कुरकुरतायत. बाबांचे पाय ठणठणीत आहेत, पण ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठल्याही रस्त्यावरून त्यांना गप्प चालता येत नाही. मोऱ्या मोजतात. तर अशा दोघांना रॉकी पर्वत दाखवायचा म्हणून मी बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या सोप्या वाटांची यादी करायला बसलो. पीएचडी करत होतो तेव्हा मित्रांबरोबर इथल्या अवघड वाटा तुडवल्या होत्या आणि सोप्या वाटांकडे जरा तुच्छतेनेच बघितलं होतं. बाबागाड्या ढकलणारी कुटुंबं, आइस्क्रीम खाणारी पोरं, सँडल घालून आलेल्या बायका. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा तसं वाटायचं खरं.

बॅन्फ हे गाव कॅल्गरीपासून पश्चिमेला साधारण १३० किलोमीटरवर आहे. उंची १३८३ मीटर, म्हणजे जवळजवळ आपल्या महाबळेश्वराएवढीच. फरक इतकाच की महाबळेश्वरात आपण डोंगराच्या डोक्यावर उभे असतो आणि बॅन्फमध्ये पायथ्याशी. चहूकडे अडीच-तीन हजार मीटरचे सुळके, खाली स्प्रूस आणि पाइनचं दाट जंगल, मधून वाहणारी निळी-हिरवी बो नदी.

पहिल्या दिवशी टनेल माउंटनला गेलो. आईने पायथ्याशी एक बाक पकडला आणि आम्हा दोघांना हाकललं. या डोंगराची एक गंमत आहे. नावात बोगदा आहे, डोंगरात नाही. १८८२ साली रेल्वेसाठी पाहणी चालू असताना कोणा सर्वेअरने या डोंगरातून बोगदा पाडायचा बेत मांडला. पुढे ध्यानात आलं की डोंगराला वळसा घालून लोहमार्ग सहज नेता येतो. बोगदा रद्द झाला, नाव मात्र चिकटलं. रद्द झालेल्या प्रस्तावाचं नाव एवढं टिकल्याचं दुसरं उदाहरण मी आमच्या क्षेत्रात तरी पाहिलेलं नाही. इथले मूळ रहिवासी नाकोडा लोक याच डोंगराला झोपलेला बायसन म्हणतात, आणि गावातून बघितलं तर तो खरोखरच तसा दिसतो.

वाट जेमतेम अडीच किलोमीटरची. चढ अडीचशे-तीनशे मीटरचा. पुणेकरांच्या भाषेत सांगायचं तर अर्धा सिंहगड, तोही खूप सौम्य केलेला. १९३९ साली ब्रिटनचे राजे सहावे जॉर्ज आणि त्यांची राणी इथे आले होते तेव्हा तेसुद्धा हा डोंगर चढून गेले. राजाराणीला जमेल इतकी ती सोपी आहे.

बाबा मात्र दर वळणावर थांबत होते. बाहेरच्या अंगाची दगडी भिंत बघ, आतला चर बघ, असं चाललं होतं. शेवटी म्हणाले, "चढ एकास नऊ-दहाच्या आसपास ठेवलाय. पाणी वाटेवरून वाहूच दिलेलं नाही. हे काम जाणकाराचं आहे रे. कोणी केलं?"

"पार्क खात्याने," मी म्हणालो.

"खातं कधी घमेलं उचलत नाही. माणसं कुठली होती?"

मला उत्तर आलं नाही. इतकी वर्षं या डोंगरांत फिरतोय, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. त्या रात्री आणि नंतरचे बरेच शनिवार-रविवार मी याच मागे होतो. जे हाती लागलं ते इथे लिहितोय.

सुरुवात रेल्वेपासून करावी लागते. कॅनडाच्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यांना जोडणारी कॅनेडियन पॅसिफिक रेल्वे ७ नोव्हेंबर १८८५ रोजी पूर्ण झाली. पश्चिमेकडच्या ब्रिटिश कोलंबियातल्या भयानक घाटांत हा मार्ग बांधायला सुमारे १५ हजार चिनी मजूर लावले होते, आणि काम संपत आलं त्याच वर्षी सरकारने चीनमधून येणाऱ्या प्रत्येक माणसावर ५० डॉलरचा डोईपट्टी कर बसवला. (१९०३ पर्यंत तो ५०० डॉलर झाला होता.) रेल्वे पूर्ण झाल्यावर अठरा दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, सरकारने बॅन्फजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्यांभोवतीची २६ चौरस किलोमीटर जागा राखीव केली. दोन वर्षांपूर्वी रेल्वेच्याच तीन कामगारांना तिथली गुहा सापडली होती. 'सापडली' हा शब्द आपला म्हणायचा, नाकोडा लोकांना ते झरे पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. तिघांनी मालकी सांगितली, बाकीचेही दावेदार उगवले, आणि सरकारने भांडणच मिटवलं, जागा स्वतःकडे घेऊन. १८८७ च्या कायद्याने क्षेत्र ६७३ चौरस किलोमीटर झालं आणि कॅनडाचं पहिलं राष्ट्रीय उद्यान जन्माला आलं.

यात निसर्गप्रेम किती आणि हिशेब किती, हा प्रश्न अभियंत्याला तरी पडतोच. ओसाड मुलखातून हजारो किलोमीटरचा लोहमार्ग टाकलाय, कर्जाचा डोंगर आहे, आणि गाडीत बसायला माणसं नाहीत. रेल्वेचे व्यवस्थापक व्हॅन हॉर्न यांच्या नावावर एक उक्ती सांगतात. तिचा आशय असा की इथला देखावा बाहेर पाठवता येत नसेल तर पर्यटकांना इथे आणू. १८८८ मध्ये कंपनीने बॅन्फ स्प्रिंग्ज हॉटेल उघडलं, १८९० मध्ये लेक लुईजच्या काठावर पहिलं लाकडी शॅले बांधलं. लंडन-न्यूयॉर्कचे श्रीमंत पाहुणे पहिल्या वर्गाने येऊन उतरायला लागले. पण आलेल्यांनी दिवसभर करायचं काय? लांब झगे घातलेल्या बायका, पोट सुटलेले शेठ. त्यांच्यासाठी घोड्यावरून किंवा धाप न लागता पायी जाता येईल अशा वाटा हव्या होत्या. न्याहारी करून निघायचं आणि जेवणाच्या वेळेला हॉटेलात परत. इथल्या सोप्या वाटांची लांबी आणि चढ बऱ्याच अंशी या वेळापत्रकातून आलाय. बाबांचा एकास नऊ.

आपल्याकडे माथेरानची गोष्ट याच जातीची आहे. १८५० साली ठाण्याचे कलेक्टर मॅलेट वर गेले आणि माथेरान 'सापडलं'. मग बंगले, पॉइंट, घोडे, १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाची छोटी रेल्वे. शाळेच्या सहलीला गेलो होतो तेव्हा वर राहणाऱ्या ठाकर-कातकऱ्यांचा उल्लेख कोणी केल्याचं मला आठवत नाही.

बॅन्फमध्येही वाटा आधीपासून होत्याच. लेक लुईज बघा. १८८२ साली रेल्वेच्या पाहणी पथकातल्या टॉम विल्सन नावाच्या माणसाने हिमस्खलनाचा गडगडाट ऐकला आणि एका नाकोडा वाटाड्याला विचारलं, हा आवाज कसला? वाटाड्याने त्याला 'छोट्या माशांच्या तळ्या'वर नेऊन उभं केलं. विल्सनने त्याला एमराल्ड लेक, म्हणजे पाचूचं तळं, असं नाव दिलं, आणि दोन वर्षांत तेही बदलून व्हिक्टोरिया राणीच्या मुलीचं, लुईजचं, नाव लागलं. माशांचं नाव कुठल्या कुठे गेलं.

त्याहून मला आवडलेली गोष्ट जॅस्परकडच्या मलीन तळ्याची. फिलाडेल्फियाच्या मेरी शॅफर १९०७ च्या मोसमात हे तळं शोधत फिरल्या, पण त्यांना ते मिळालं नाही. मग सॅमसन बीव्हर या नाकोडा माणसाने त्यांना कागदावर नकाशा काढून दिला. तो स्वतः तिथे वडिलांबरोबर लहानपणी, चौदाएक वर्षांचा असताना गेला होता. तेवढ्या आठवणीवर काढलेल्या नकाशाच्या आधारे १९०८ मध्ये शॅफर तळ्यावर पोचल्या. मी उपग्रहाची छायाचित्रं वापरून काम करणारा माणूस आहे. चौदाव्या वर्षी पाहिलेल्या घराजवळच्या ओढ्याचं वळणसुद्धा मला बिनचूक काढता येणार नाही.

ज्यांच्या डोक्यात असे नकाशे होते त्यांचं पुढे काय झालं? १८७७ च्या करारानंतर नाकोडांना मॉर्लीच्या राखीव वस्तीत बसवलं होतं. उद्यानात शिकार बंद झाली. पर्यटकांना बघायला हरणं-मेंढरं उरली पाहिजेत म्हणून ज्यांचं पोट शिकारीवर होतं त्यांनाच बाहेर काढलं. वस्तीबाहेर पडायला सरकारी एजंटाचा पास लागायचा. वर्षातून एकदा मात्र त्यांना आग्रहाचं आमंत्रण असे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एकदा पुराने लोहमार्ग वाहून गेला आणि हॉटेलातले पाहुणे अडकले, तेव्हा त्यांचं मन रमवायला मॉर्लीहून नाकोडांना बोलावलं. घोड्यांच्या शर्यती, नाच, तंबू. पाहुणे खूष झाले. त्यातून 'बॅन्फ इंडियन डेज' नावाचा वार्षिक उत्सव सुरू झाला तो १९७८ पर्यंत चालला. अर्थात, नाकोडा कुटुंबांनी या दिवसांचा आपल्या परीने उपयोग करून घेतला. आपल्या डोंगरांत, आपल्या माणसांत आठवडाभर राहायला मिळायचं, हेही काही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लेक लुईजला गेलो. तळ्याकाठची वाट दोन किलोमीटर, सपाट, आईसाठीच केल्यासारखी. तिथून बाबा आणि मी लेक ॲग्नेसच्या चहाघराकडे चढलो. साडेतीन किलोमीटर, चढ चारएकशे मीटर. या तळ्याला नाव मिळालं ते पहिल्या पंतप्रधानांच्या पत्नी ॲग्नेस मॅकडॉनल्ड यांचं. या बाईंनी १८८६ मध्ये रेल्वे इंजिनाच्या पुढच्या जाळीवर बसून रॉकी पर्वत पार केला होता! चहाघर कंपनीने १९०१ मध्ये चढणाऱ्यांना आसरा म्हणून बांधलं, १९०५ पासून तिथे चहा मिळू लागला. आजची इमारत १९८१ ची आहे. वीज नाही, रस्ता नाही. ताजा माल तिथे काम करणारी मुलं पाठीवर वाहून आणतात. बाबांनी दोन कप चहा घेतला आणि चहा पाणचट असल्याचं मराठीत जाहीर केलं.

त्याच बाजूला दुसरं चहाघर आहे, प्लेन ऑफ सिक्स ग्लेशियर्सचं. ते १९२० च्या दशकात स्विस वाटाड्यांनी उभारलं. हे स्विस लोक इथे आले त्याचं कारण एक मृत्यू. १८९६ मध्ये माउंट लेफ्रॉयवर फिलिप ॲबट हा अमेरिकन गिर्यारोहक पडून मेला. गिऱ्हाईक मरायला लागलं तर धंदा कसा चालायचा? १८९९ पासून कंपनीने स्वित्झर्लंडहून पट्टीचे वाटाडे नोकरीवर आणले. एडवर्ड फॉइत्स आणि ख्रिश्चन हेस्लर हे त्यातले पहिले. कंपनीने त्यांच्या कुटुंबांसाठी गोल्डन गावाजवळ टेकडीवर स्विस धाटणीची घरं बांधली, ती गाडीतून जाणाऱ्या पर्यटकांना छान दिसावीत अशा बेताने. दिसायला सुंदर, राहायला गारठलेली. बायका त्रासून जायच्या.

आता बाबांच्या प्रश्नाचा अवघड भाग.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा कॅनडात युक्रेनियन शेतकरी-मजूर मोठ्या संख्येने होते. त्यांना कॅनडानेच बोलावलं होतं. पश्चिमेची मोकळी जमीन कसायला कष्टाळू माणसं हवीत म्हणून सरकारने युरोपात जाहिराती केल्या होत्या. ही माणसं गॅलिसिया आणि बुकोविना या प्रांतांतली, आणि ते प्रांत ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात. म्हणजे पासपोर्ट शत्रूचा. त्या साम्राज्यावर त्यांचं काडीचं प्रेम नव्हतं, पण कायद्याला त्याचं काय? सुमारे ८० हजार लोकांना नोंदणी करून कागद जवळ बाळगावे लागले, पोलिसांकडे हजेरी द्यावी लागली. ८,५७९ जणांना देशभरातल्या २४ छावण्यांत डांबलं. त्यांतले कित्येक जण केवळ बेकार होते. त्या काळी मंदी होती, आणि बेकार परदेशी माणूस संशयास्पद ठरायला वेळ लागत नाही.

यांतली एक छावणी १४ जुलै १९१५ रोजी बॅन्फ उद्यानात, कॅसल माउंटनच्या पायथ्याशी उघडली. तंबू आणि काटेरी तार. काम काय? लेक लुईजकडे जाणारा मोटाररस्ता. झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, दगड फोडायचे, सगळं हाताने. उद्यान खात्याला १९११ पासून हार्किन नावाचे धडाडीचे आयुक्त मिळाले होते, मोटारी येणार हे त्यांनी ओळखलं होतं, पण युद्धामुळे पैसा आटला होता. हे मजूर आयतेच मिळाले. मजुरी दिवसाला २५ सेंट. कॅनडाच्या सैन्यातल्या साध्या शिपायाला तेव्हा दिवसाला एक डॉलर मिळत असे. हिवाळ्यात तंबूत राहणं अशक्य व्हायचं, म्हणून त्यांना बॅन्फ गावात, त्याच गरम झऱ्यांच्या गुहेशेजारी हलवत. तिथे त्यांनी जंगल साफ केलं, आणि १९१७ च्या हिवाळी उत्सवासाठी बर्फाचा महाल बांधला. पाहुणे महालात हिंडत असतील तेव्हा बांधणारे तारेच्या आत होते. कित्येक जण पळून गेले. पुढे युद्धामुळे खाणी आणि रेल्वेला माणसं कमी पडायला लागली तशी याच 'शत्रूं'ना हमीवर सोडून कामाला लावलं, आणि १९१७ मध्ये छावणी बंद झाली. रस्ता अर्धवट राहिला, तो लेक लुईजपर्यंत पोचायला १९२० उजाडलं.

त्यानंतरचं झरझर सांगतो, कारण तऱ्हा तीच आहे. १९३० च्या मंदीत बेकारांनी बॅन्फ ते जॅस्पर रस्ता बांधला. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाच्या पुरुषांना जॅस्परला रस्त्याच्या कामावर धाडलं. धर्मामुळे बंदूक हाती न घेणाऱ्या मेनोनाइट तरुणांनी दिवसाला ५० सेंटवर वणव्यासाठीच्या वाटा आणि पायवाटा मोकळ्या केल्या.

मला सगळ्यात जास्त टोचलं ते वेगळंच. लंडनच्या पाहुण्यांना आमंत्रण देणारी ही जी रेल्वे कंपनी, तिच्या बोटीही होत्या. १९०८ साली कॅनडाने नियम केला की मायदेशातून वाटेत न थांबता आलेल्यालाच प्रवेश. भारतातून तसं सलग तिकीट देऊ शकणारी कंपनी हीच, आणि तशी तिकिटं विकू नका असं तिला सरकारने सांगितलं. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आलं, दोन महिने बंदरात अडकून पडलं आणि बहुतेकांना घेऊन परत गेलं. पुढच्याच वर्षी कॅसल माउंटनची छावणी उघडली. म्हणजे त्या काळी मी इथे वाट चालायलाच काय, ती खोदायलाही येऊ शकलो नसतो. आज माझ्या खिशात कायम रहिवाशाचं कार्ड आहे. ते बोलावून दिलेलं आहे. गॅलिसियाच्या माणसांनाही बोलावूनच आणलं होतं, हे वाचल्यापासून ते कार्ड पाकिटात आहे ना हे मी उगाचच चाचपून बघायला लागलोय.

परतताना मुद्दाम जुन्या रस्त्याने आलो. जॉन्स्टन कॅन्यनच्या थोडं अलीकडे, झाडांच्या कडेला, एक पुतळा आहे. १९९५ मध्ये युक्रेनियन कॅनेडियन लोकांनी बसवला. साधा मजूर, आणि पुतळ्याचं नावच 'का?' असं आहे. संसदेने या प्रकरणाची दखल घेणारा कायदा केला तो २००५ मध्ये, आणि बॅन्फच्या झऱ्यांपाशी या छावणीचं कायमचं प्रदर्शन उघडलं २०१३ मध्ये. मी तिथे आधी तीनदा तरी गेलो असेन, गंधकाच्या वासाबद्दल विनोद करून परत आलो होतो.

बाबांना मी गाडीतच सगळं सांगितलं होतं. ते पुतळ्यापाशी बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर मी मस्टर लिहायचो. नवा होतो. खडी फोडणाऱ्या बायकांचे अंगठे घ्यायचो. त्या रस्त्यावरून नंतर एसटी सुरू झाली." तिथल्या माणसांना मजुरी मिळत होती, त्या कैदी नव्हत्या, हा फरक त्यांनीच लगेच सांगितला. पण त्यापुढे काही बोलले नाहीत.

जॉन्स्टन कॅन्यनमध्ये खालच्या धबधब्यापर्यंत वाट सव्वा किलोमीटरच्या आतबाहेर आहे. बरीचशी वाट कड्यालाच टेकवलेल्या कठडेवाल्या पुलांवरून जाते, खाली हिरवं पाणी. आई म्हणाली, एवढं मला जमेल, आणि हळूहळू चालत खरंच धबधब्यापर्यंत गेली, फोटो काढून घेतले. बाबा बरेच मागे राहिले होते. मी बघायला परत गेलो तर कठड्याला धरून, वाकून, पुलाखालच्या तुळया कड्यात कशा बसवल्यात ते बघत होते, आणि मागे माणसांची रांग लागली होती.